एकवीस गुण आणि एक निरोगी मुलगी: ईएटी-२६ हातात घेण्याआधी

‘पेट’ सुटली, मुलाखतीची तारीख आली, आता आराखडा लिहायचाय. मानसशास्त्र, गृहविज्ञान, समाजकार्य, नर्सिंग यांपैकी कुठल्याही विभागात जा, एक आराखडा तुम्हाला हमखास भेटेल. विषय: महाविद्यालयीन विद्यार्थिनींमधील आहारविकार व शरीरप्रतिमा. नमुना: दोनशे मुली, फार तर तीनशे. साधन: ईएटी-२६. पद्धत: व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला गूगल फॉर्म. निष्कर्ष: इतके इतके टक्के मुली धोक्याच्या पातळीवर. शिफारस: महाविद्यालयांनी जनजागृतीपर व्याख्यानं आयोजित करावीत.

आज मला या आराखड्याची चिकित्सा करायची आहे. थट्टा करणार नाही, कारण विषय गंभीर आहे. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हा सर्वांत जास्त जीवघेण्या मानसिक आजारांपैकी एक आहे, आणि तो सुरू होतो तो बहुतेकदा शाळा-कॉलेजच्या वयात. म्हणूनच यावर होणारं काम कच्चं राहिलं तर नुसती पानं वाया जात नाहीत. ज्यांना मदत हवी त्या मुली निसटतात आणि ज्यांना काहीच झालेलं नाही त्यांच्यावर शिक्का बसतो.

आधी तीन शब्द वेगळे करून घेऊ, कारण आराखड्यांमध्ये यांची सर्रास खिचडी होते. ‘आहारविकार’ म्हणजे डॉक्टरांनी निदान करायचा आजार: अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमिया, बिंज ईटिंग वगैरे. ‘विस्कळीत खाणं’ म्हणजे जेवण टाळणं, मुद्दाम उलटी काढणं, अधाशासारखं खाऊन मग दोन दिवस उपाशी राहणं अशा सवयी, ज्या निदानापर्यंत पोचतीलच असं नाही. आणि ‘शरीरप्रतिमा’ म्हणजे आपण आपल्या देहाकडे कसं बघतो ते. तिन्हींचं एकमेकांशी नातं आहे, पण तिन्ही एक नाहीत. ईएटी-२६ यातलं पहिलं मोजत नाही. ती चाळणी आहे. चाळणीवर जे उरतं त्याला आपण लगेच खडे म्हणत नाही, हाताने निवडून बघतो.

ही चाळणी आली कुठून? कॅनडातल्या टोरांटोमध्ये डेव्हिड गार्नर आणि पॉल गारफिंकेल यांनी १९७९ साली चाळीस प्रश्नांची ‘ईटिंग अ‍ॅटिट्यूड्स टेस्ट’ छापली. १९८२ मध्ये सहकाऱ्यांबरोबर तिची छाटणी करून सव्वीस प्रश्नांची आवृत्ती केली. त्या कामात अ‍ॅनोरेक्सियाच्या १६० स्त्री रुग्ण होत्या आणि तुलनेसाठी १४० इतर स्त्रिया. प्रत्येक प्रश्नाला ‘नेहमी’ ते ‘कधीच नाही’ असे सहा पर्याय. ‘नेहमी’ला तीन, त्याखालच्याला दोन, त्याखालच्याला एक, बाकी तिघांना शून्य. एका प्रश्नाचे गुण उलटे मोजायचे. एकूण ७८ पैकी २० किंवा जास्त आले की त्या व्यक्तीशी पुढे बोलून बघायचं. पुन्हा वाचा: बोलून बघायचं. निदान करायचं नाही, टक्केवारी काढून वर्तमानपत्राला द्यायची तर नाहीच.

आता गंमत बघा. हे सव्वीस प्रश्न तीन गटांत विभागलेले आहेत. एक गट डाएटिंगचा, तेरा प्रश्नांचा. दुसरा अधाशी खाण्याचा आणि अन्नाच्या विचारात गुंतून राहण्याचा, सहा प्रश्नांचा. तिसरा ‘तोंडावरच्या ताब्या’चा, म्हणजे खाण्यावर स्वतःचं नियंत्रण आणि इतरांकडून येणारा दबाव, सात प्रश्नांचा. या तिसऱ्या गटातले प्रश्न मी माझ्या शब्दांत सांगते. भूक लागलेली असताना खाणं टाळता का? अन्नाचे बारीक तुकडे करता का? तुम्ही जास्त खावं असं इतरांना वाटतं का? इतरांपेक्षा जेवायला जास्त वेळ लागतो का? लोकांना तुम्ही फार बारीक वाटता का? अन्नासमोर स्वतःवर ताबा ठेवता का? खाण्यासाठी इतर लोक तुमच्यावर दबाव आणतात का?

एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. काल्पनिक आहे, पण तुमच्या ओळखीची निघेल. वय अठरा, घर एकत्र कुटुंबाचं, अंगकाठी मुळातच सडसडीत. घरात आधी पुरुष आणि पोरं जेवतात, मग बायका, म्हणजे भूक लागली तरी थांबायचं. पोळी हाताने मोडून, चुरून खायची सवय. काकू रोज म्हणते, ‘अगं घे की अजून एक, वाऱ्याने उडशील.’ आजी म्हणते, ‘काय गं ही कडकी!’ पाहुण्यांकडे गेलं की ताटात वरून भात पडतो, कारण आग्रह केला नाही तर यजमानाला चुकल्यासारखं होतं. सावकाश जेवते, मध्ये उठून कुणाला वाढते. समोर बासुंदी आली तरी हावरटपणा करायचा नाही हे लहानपणापासून शिकवलेलं. सातही प्रश्नांना तिने प्रामाणिकपणे ‘नेहमी’ असं उत्तर दिलं. सात त्रिक एकवीस.

झाली की ती ‘धोक्यात’! उरलेल्या एकोणीस प्रश्नांना तिला शून्य गुण आहेत. वजनाची भीती नाही, आरशाशी भांडण नाही, उलट्या नाहीत. तरी तुमच्या तक्त्यात ती बसली, आणि प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात तिच्यासाठी व्याख्यान आयोजित झालं.

सात प्रश्नांना सरसकट ‘नेहमी’ म्हणणारी मुलगी विरळा असेल, मान्य. पण यातले पाच-सहा गुण घरातूनच घेऊन येणाऱ्या मुली विरळा नाहीत. त्यात चतुर्थी, श्रावणी सोमवार, हरतालिका, नवरात्राचे नऊ दिवस मिळवा. ‘पोट रिकामं असलेलं आवडतं का’ या अर्थाचा एक प्रश्न आहे. भात, ब्रेड, बटाटा असे पदार्थ टाळता का, असाही एक आहे. उपवासाला आपण भात टाळतो आणि बटाटा मात्र मनसोक्त खातो! एकादशी आणि दुप्पट खाशी हे ज्या भाषेत म्हणीत बसलंय, तिथे उपवास आणि डाएटिंग एकाच रकान्यात टाकून चालायचं नाही. उपवास चुकून मोडला म्हणून वाटणारी टोचणी आणि खाल्लं म्हणून स्वतःच्या देहाचा येणारा तिटकारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्नावलीला मात्र दोन्ही ‘खाल्ल्यानंतर अपराधी वाटतं’ एवढंच दिसतं. (उलटही घडतं. एखादी मुलगी उपवासाच्या आडून जेवण टाळत असते आणि घरच्यांना तिचं कौतुक वाटत असतं. तीही तक्त्यात वेगळी दिसत नाही.)

हे माझं निरीक्षण आहे असं समजू नका. मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी १९८९ मध्ये उत्तर भारतातल्या एका गावात पाचशेहून जास्त शाळकरी मुलींना हीच चाचणी दिली होती. सुमारे २९ टक्के मुली वीसच्या रेषेवर गेल्या. त्या काळी इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांतही असे आकडे सहसा दिसत नव्हते. या दोघांनी काय केलं? ‘भारतात आहारविकारांची लाट’ असा मथळा दिला नाही. एकेक प्रश्न उघडून बघितला आणि दाखवलं की पाच प्रश्नांची उत्तरं ज्या पद्धतीने आली, त्यावरून मुलींनी त्या प्रश्नांचा अर्थ सामाजिक-सांस्कृतिक कारणांनी वेगळा घेतला असावा. गेली तीन-साडेतीन दशकं हा लेख उपलब्ध आहे. आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांच्या ‘संबंधित साहित्याचा आढावा’ प्रकरणात तो एका वाक्यात येतोही. कसा येतो? ‘किंग व भुग्रा (१९८९) यांना २९ टक्के मुली धोक्याच्या पातळीवर आढळल्या.’ संपलं. लेखाने जे नाकारलं तेच आपण त्याच्या नावावर खपवतो. नुसता सारांश वाचून आढावा लिहिला की असं होतं, आणि सारांशही धड वाचलेला नसतो ही वेगळीच तक्रार.

आणखी एक गोष्ट, जी शहरात बसून आपल्याला चटकन सुचत नाही. ‘मनात सतत अन्नाचेच विचार येतात का’ हा प्रश्न पोट भरलेल्या माणसाला विचारला तर त्याचा अर्थ एक. उपाशी माणसाला विचारला तर दुसरा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांना त्यांच्या संमतीने चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ही माणसं दिवसरात्र अन्नाचा विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, ताटातलं अन्न चिवडत तासन्‌तास जेवू लागली. देहाच्या रूपाचा त्यात संबंध नव्हता, भुकेचा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १८.७ टक्के स्त्रियांचा बीएमआय १८.५ च्या खाली होता, आणि २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या गटात होत्या. एकाच वर्गात दोन्ही टोकं बसलेली असतात. आश्रमशाळेच्या वसतिगृहातली मुलगी ‘अन्नाचे विचार’ला ‘नेहमी’ म्हणते आणि पुण्यातल्या खासगी कॉलेजातली मुलगीही ‘नेहमी’ म्हणते. बेरीज सारखी, गोष्ट वेगळी. म्हणून घरात पुरेसं अन्न असतं का हे विचारल्याशिवाय ही चाचणी द्यायची नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथपर्यंत आपण नको त्या मुली चाळणीवर कशा राहतात ते पाहिलं. आता हव्या त्या कशा खाली पडतात ते बघू. मला वाटतं हा भाग जास्त गंभीर आहे, आणि आराखड्यांत याच्यावर ओळसुद्धा नसते.

दिल्लीतल्या डॉक्टरांनी, खंडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी, १९९५ मध्ये पाच तरुण स्त्री रुग्णांची हकिगत मांडली. खायला नकार, सारख्या उलट्या, वजन घटलेलं. पण ‘मी जाड आहे’, ‘मला जाड व्हायची भीती वाटते’ ही पाश्चात्त्य पुस्तकात ठरलेली वाक्यं त्यांच्या तोंडी नव्हती. हाँगकाँगमध्ये सिंग ली आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अ‍ॅनोरेक्सियाच्या ७० रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या निम्म्याहून जास्त रुग्णांमध्ये जाडीची भीती नव्हतीच. पोट फुगतं, भूक लागत नाही, खावंसं वाटत नाही, असं त्या सांगत. आजार तितकाच घातक. पुढे २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये निकषाची भाषा सैल झाली: वजन वाढण्याची भीती, किंवा वजन वाढू न देणारी सततची वागणूक, यातलं काहीही चालतं.

आता ईएटी-२६ मधल्या सर्वांत मोठ्या गटातले तेरा प्रश्न बघा. जाडीची भीती, बारीक होण्याची इच्छा, कॅलरी, साखर टाळणं, डाएटचे पदार्थ. पोट फुगतं म्हणून चार महिने जेवण टाकलेली मुलगी इथे किती गुण मिळवणार? तिची आई तिला आधी पोटाच्या डॉक्टरकडे नेते, मग दृष्ट काढते, मग कुणी तरी सुचवतं म्हणून सोनोग्राफी होते. तुमच्या सर्वेक्षणात ती ‘निरोगी’ गटात मोजली जाते.

चेन्नईतल्या संशोधकांना ही अडचण ठाऊक होती. श्रीनिवासन, सुरेश आणि जयराम यांनी १९९८ मध्ये वैद्यकीयच्या २१० विद्यार्थ्यांवर काम केलं आणि इथल्या तक्रारींमधून इथली प्रश्नावली घडवायचा प्रयत्न केला. पूर्ण आहारविकाराच्या अलीकडे असलेल्या, खाण्याविषयी आणि देहाविषयी बिघडलेल्या वृत्तीला त्यांनी ‘ईटिंग डिस्ट्रेस सिंड्रोम’ असं नाव दिलं. ३१ जणांमध्ये, म्हणजे १४.८ टक्के विद्यार्थ्यांत, तो दिसला. वाद घालायला त्यात जागा आहे, वैद्यकीयची मुलं म्हणजे सगळी तरुणाई नव्हे. पण दिशा बरोबर होती. या वाटेने मराठीत कुणी पुढे जात असेल तर त्याच्या आराखड्याला मी आनंदाने टाळ्या वाजवीन.

या विषयावर व्याख्यान झालं की एक उदाहरण येतंच: फिजी. टीव्ही आला आणि मुली उलट्या काढायला लागल्या. मूळ काम अ‍ॅन बेकर आणि सहकाऱ्यांचं आहे, २००२ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री’त आलेलं. फिजीच्या नाड्रोगा भागात टीव्ही पोचल्यावर लगेच, १९९५ मध्ये, ६३ शाळकरी मुलींना ईएटी-२६ दिली. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, ६५ मुलींना. वीसच्या वर जाणाऱ्या १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्के झाल्या. वजन कमी करायला उलटी काढणाऱ्या शून्यावरून ११.३ टक्के.

हा अभ्यास मला आवडतो, आणि तो ज्या तऱ्हेने सांगितला जातो ते मुळीच आवडत नाही. पहिली गोष्ट, १९९५ च्या आणि १९९८ च्या मुली वेगवेगळ्या. त्याच मुलींचा तीन वर्षं माग काढलेला नाही. दुसरी, संख्या छोटी: ११.३ टक्के म्हणजे सात-आठ मुली. तिसरी, तीन वर्षांत फिजीत फक्त टीव्हीच बदलला असं धरता येत नाही. मग अभ्यासाची ताकद कशात आहे? संशोधक नुसती प्रश्नावली वाटून परतल्या नाहीत. बेकर या मानववंशशास्त्र शिकलेल्या मनोविकारतज्ज्ञ, फिजीत त्यांचं आधीपासून क्षेत्रकार्य होतं. तिथे धष्टपुष्ट देह म्हणजे माणसाची नीट काळजी घेतली जाते याची खूण, हे त्यांना माहीत होतं. मुली टीव्हीवरच्या बायकांसारखं व्हायचं म्हणतात तेव्हा त्यात नोकरी, शहर, वेगळं आयुष्य असं बरंच गुंतलेलं आहे, हे मुलाखतींतून पुढे आलं. आकडा त्या मुलाखतींच्या खांद्यावर उभा आहे. आपण आकडा उचलतो आणि खांदा सोडून देतो.

फिजीतूनच पुढे, २०११ मध्ये, आणखी एक गोष्ट समोर आली. तिथे पोट साफ करायला पारंपरिक वनस्पती-औषधं घेण्याची रीत आहे. पाश्चात्त्य प्रश्नावली विचारते त्या ‘जुलाबाच्या गोळ्यां’त ती बसत नाहीत. वेगळा प्रश्न विचारल्यावर मुलींचा एक निराळाच गट दिसला. आपल्याकडे वळा. ‘वजन कमी करण्यासाठी रेचक औषधं घेता का?’ असं भाषांतर केलंत तर एरंडेल, त्रिफळा चूर्ण, इसबगोल घेणारी मुलगी ‘नाही’ म्हणणार आणि ती खोटंही बोलत नसणार. तिच्या घरी ते औषध नाहीच, फडताळातल्या डब्यातलं चूर्ण आहे.

भाषांतराबद्दल थोडं थांबून बोलतेच. आराखड्यात सगळे लिहितात: भाषांतर व उलट-भाषांतर केले. उलट-भाषांतराने शब्द जुळतात, अर्थ जुळेलच असं नाही. ‘तब्येत’ हा शब्द घ्या. ‘तब्येत सुधारली’ म्हणजे आपल्याकडे प्रकृती बरी झाली, आणि वजन वाढलं हेसुद्धा. आजीच्या तोंडी ते कौतुक असतं, सोळा वर्षांच्या नातीच्या कानात तो टोमणा होतो. ‘डाएट’ हा शब्द डॉक्टरच्या चिठ्ठीवर आहार असतो आणि मैत्रिणींत उपाशी राहणं. आणि क्रॉनबॅक अल्फा .८२ आला म्हणून साधन प्रमाणित झालं असं समजणाऱ्यांना हात जोडून सांगते: अल्फा एवढंच सांगतो की प्रश्नांची उत्तरं एकमेकांबरोबर हलतात. आग्रहाचे, सडसडीत अंगाचे, उशिरा जेवण्याचे प्रश्न एकाच घरातून येत असतील तर ते छान एकत्र हलतील. अल्फा देखणा येईल. मोजलं जाईल घर.

यावर साधा उपाय आहे, पैसेही फार लागत नाहीत. प्रश्नावली वाटण्याआधी बारा-पंधरा मुलींबरोबर एकेकीने बसा आणि प्रत्येक प्रश्नावर विचारा: ‘हा प्रश्न तुझ्या शब्दांत सांग. उत्तर देताना काय आठवलं?’ याला संज्ञानात्मक मुलाखत म्हणतात. दोन आठवड्यांचं काम. आरआरसीसमोर या दोन आठवड्यांचा अहवाल ठेवलात तर तुमच्या दोनशे गूगल फॉर्मपेक्षा तो जास्त वजनदार ठरेल.

आता थोडं गणित. पाच प्रश्नांची ‘स्कॉफ’ नावाची चाचणी १९९९ मध्ये ‘बीएमजे’त आली. (तिच्यातला एक प्रश्न तीन महिन्यांत एक ‘स्टोन’ वजन घटलं का असा आहे. एक स्टोन म्हणजे साधारण सहा किलो ३५० ग्रॅम. मराठी करताना हे बघा.) मूळ अभ्यासात तिने आजारी असलेल्या सगळ्या ओळखल्या, आणि आजारी नसलेल्यांपैकी ८७.५ टक्के बरोबर वगळल्या. ऐकायला झकास. आता एक हजार मुलींचं कॉलेज घ्या आणि धरून चाला की त्यातल्या दहा जणींना खरंच आजार आहे. दहाही सापडल्या. उरलेल्या ९९० पैकी साडेबारा टक्के, म्हणजे सुमारे १२४ मुलीही लागल्या हाताला. एकूण १३४ नावं, त्यात खरी दहा. हा चाचणीचा दोष नाही. आजार जितका विरळ तितकी हाताला लागलेल्यांत निरोगी माणसं जास्त, हा साधा हिशोब आहे. म्हणून दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षित माणसाने मुलाखत घेतल्याशिवाय ‘इतके टक्के मुलींना आहारविकार’ असं वाक्य लिहिता येत नाही. तुमच्या गाईडना ते हवं असलं तरी.

मुलांबद्दल दोन ओळी. ईएटी-२६ त्यांना दिली की बहुतेक ‘निरोगी’ निघतात, कारण त्यांना बारीक व्हायचं नसतं, दंड आणि छाती हवी असते. त्यासाठी २००० सालची मॅक्रीअरी आणि सॅस यांची स्नायूंच्या ओढीची मापनश्रेणी आहे, ती बघा. तसंच देहाच्या चित्रांची ओळ दाखवून ‘तू यातली कोणती आणि तुला कोणती व्हायचंय’ विचारणारी साधनं आहेत. त्यांत जाडी बदलते, रंग बदलत नाही. ज्या देशात १९७५ पासून गोरेपणाचं क्रीम विकलं गेलं आणि २०२० मध्ये फक्त त्याच्या नावातला ‘फेअर’ बदलला, तिथे शरीरप्रतिमा म्हणजे निव्वळ वजन असं कोण म्हणेल? स्थळांच्या जाहिरातीत ‘गोरी, सडपातळ’ ही जोडी एका श्वासात येते, आणि गोरी आधी येते.

मग शेवटचं प्रकरण, शिफारशींचं. व्याख्यानं घ्या, पोस्टर लावा. एका कॉलेजात लावलेलं असं पोस्टर मी पाहिलंय: हाडं दिसणाऱ्या मुलीचा फोटो, खाली आजाराची लक्षणं, त्याखाली ‘सावध व्हा’. हेतूबद्दल शंका नाही. पण असल्या उपायांचा इतिहास वाचा.

१९९७ मध्ये इंग्लंडमध्ये जॅकलीन कार्टर आणि सहकाऱ्यांनी तेरा-चौदा वर्षांच्या ४६ मुलींसाठी शाळेत आहारविकार रोखायचा कार्यक्रम घेतला. मुलींचं ज्ञान वाढलं. लगेच पाहिलं तेव्हा वागण्यातही थोडा फरक दिसला. सहा महिन्यांनी तो फरक ओसरला आणि खाण्यावर बंधनं घालण्याचं प्रमाण सुरुवातीपेक्षा वर गेलं. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे वाढ कार्यक्रमामुळेच झाली असं ठामपणे म्हणता येत नाही. पण लेखकांनी शीर्षकातच विचारलं, यातून भल्यापेक्षा नुकसान तर होत नाही? त्याच वर्षी अमेरिकेत ट्रेसी मान आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींसमोर आजारातून बऱ्या झालेल्या मैत्रिणींना बोलतं केलं. ऐकणाऱ्यांमध्ये पुढे लक्षणं न ऐकणाऱ्यांपेक्षा किंचित जास्तच दिसली. लाज कमी करण्याच्या नादात आजार नेहमीचाच वाटू लागला असावा, असा लेखकांचा अंदाज.

मग काय चालतं? एरिक स्टाइस आणि हेदर शॉ यांनी २००४ मध्ये तोवरच्या कार्यक्रमांचा एकत्र आढावा घेतला. ऐकवण्यापेक्षा सहभागाचे कार्यक्रम बरे. एका बैठकीपेक्षा अनेक बैठकांचे बरे. सरसकट सगळ्यांसाठी घेतलेल्यांपेक्षा आधीच देहाबद्दल नाराज असलेल्यांसाठीचे बरे. आपलं सभागृहातलं व्याख्यान या तिन्ही कसोट्यांवर नेमकं उलट्या बाजूला बसतं. एक बैठक, सगळ्यांना, ऐकायला.

स्टाइस यांचा ‘बॉडी प्रोजेक्ट’ लिऑन फेस्टिंजर यांच्या १९५७ च्या विसंगतीच्या सिद्धान्तावर उभा आहे. कल्पना सोपी आहे: ज्या गोष्टीवर माझा अर्धवट विश्वास आहे तिच्याविरुद्ध मीच चारचौघांत, स्वखुशीने बोलले, तर मनात ओढाताण होते आणि हळूहळू विश्वासच ढिला पडतो. म्हणून इथे आजाराची माहिती सांगत बसत नाहीत. मुलीच ‘आदर्श देहा’चं वर्णन करतात, त्याची किंमत कोण मोजतं ते मांडतात, धाकट्या मुलीला पत्र लिहितात, टोमण्याला उत्तर कसं द्यायचं याचा सराव करतात. २००८ मध्ये छापलेल्या ४८१ मुलींच्या चाचणीत तीन वर्षांनंतर आजाराची नवी सुरुवात ६० टक्क्यांनी कमी होती. हे सापेक्ष प्रमाण आहे हं! सुमारे १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर. आकडा उतरवून घेताना दोन्ही लिहा. आणि आढाव्यात सहसा गाळली जाणारी गोष्ट: त्याच चाचणीत, खाणं आणि हालचाल यांत छोटे टिकाऊ बदल करायला लावणारा वेगळा गटही जवळजवळ तेवढाच यशस्वी ठरला.

हा कार्यक्रम तसाच्या तसा मराठीत आणावा? माझं उत्तर, नाही. पहिल्याच बैठकीत ‘आदर्श मुलगी कशी असते’ विचारलंत तर फळ्यावर बारीक कंबर येईल, पण त्याआधी रंग येईल, केस येतील, उंची येईल, ‘चारचौघांत उठून दिसणारी’ येईल. आणि हा आदर्श सांगतं कोण, तर मासिकं कमी, मावशी-आत्या जास्त. हेमल श्रॉफ आणि केव्हिन थॉम्पसन यांनी २००४ मध्ये मुंबईतल्या मुलींवर केलेल्या अभ्यासातही वजनावरून होणाऱ्या चिडवण्याचा वाटा महत्त्वाचा दिसला. जाडी, ढब्बी, कडकी, काडी, ही आपल्या घराघरांतली लाडाची नावं आहेत. तेव्हा सरावाचं वाक्य मासिकाच्या संपादकाला उद्देशून लिहून घेऊ नका. ‘आत्या, माझ्या अंगावरून बोलू नकोस’ हे आदर न सोडता कसं म्हणायचं, याचा सराव घ्या. हे अमेरिकन पुस्तिकेत सापडणार नाही, तिथल्या मुलींना त्याची अशी गरज नाही. कुणाला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर हा घ्या, मी मागे लागणार नाही.

राहिला प्रश्न फॉर्म पाठवण्याच्या दिवसाचा. अठराखालच्या मुली असतील तर पालकांची संमती आणि मुलीचा स्वतःचा होकार, दोन्ही घ्या. आईसमोर बसवून उलटीचा प्रश्न विचारू नका. फॉर्म निनावी ठेवलात तर रोज उलटी काढते असं लिहिणाऱ्या मुलीपर्यंत तुम्ही कधीच पोचू शकणार नाही, नाव घेतलंत तर ती खरं लिहिणार नाही. मधला मार्ग म्हणजे सांकेतिक क्रमांक, आणि त्याची यादी फक्त एका समुपदेशकाकडे. तो समुपदेशक कोण, मुलीला पुढे कुठल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं, वजन फार घटलेलं असेल तर कुठल्या रुग्णालयात, हे फॉर्मची लिंक टाकण्याआधी कागदावर ठरलेलं असू द्या. फॉर्मच्या शेवटच्या पानावर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक टाका. तो मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आणि लिंक टाकण्याच्या आदल्या दिवशी स्वतः एकदा फोन लावून बघा.